बिब्याची खूण अन् कंपनीची जबान

माह्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत काळे डाग आहेत. ते बिब्याचे. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं पहिल्याच आठवड्यात हातात सुई अन् बिबा देला. बिब्याले सुई टोचायची, दिव्यावर जरासा शेकायचा, तेल सुटलं का त्यानं कपड्याच्या कोपऱ्यात खूण काढायची अन् वरून ओला चुना लावायचा. ती खूण कपडा फाटेपर्यंत जात नाही. भट्टीत घाला, सोड्यात उकळा, जात नाही. पण अंगाले लागलं त कातडी उतते, फोड येतात, दोन दिवस ताप. सासू म्हणे, "रडू नको वं, खोबरेल लाव अन् पुढची चादर घे." मी खोबरेल लावलं अन् पुढची घेतली.

आमी वरठी. लोकायचे कपडे धुवायचा धंदा. दर घराची खूण वेगळी. कोणाचे दोन ठिपके अन् एक रेघ, कोणाचे तीन ठिपके, कोणाची नुसती फुली. शाळा माही चौथीपर्यंत, तेही मधूनमधून. पण शंभर घरायच्या खुणा मले पाठ होत्या. एका घराचं धोतर दुसऱ्या घरी गेलं त त्या दिवशी सासू मले जेवू देत नोती. तिचं चुकलं तेव्हा ती स्वतःही जेवली नाही, हे मी पायलं आहे.

पोरगा पाच वर्षांचा असताना माहे मालक काविळीनं गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी गाठोडं उचललं. हिवाळ्यात सकाळी पाण्यात उभी राहिली का गुडघ्याखाली पाय आहेत का नाही ते समजत नोतं. डोक्यावर गाठोडं, मंग भाड्याची सायकल, मंग स्वतःचा हातगाडा. नर्सिंग होमाचं काम मले भेटलं ते दुसरं कोणी घेत नोतं म्हणून. रक्त, पू, बाळंतपणाची घाण, मेलेल्या माणसाखालची चादर. बाकीच्या बायका तोंडाले पदर लावत. मले किळस आली नाही. घाण आहे, धुतली का जाते. जिंदगीत किळस मले आली ती इस्त्रीच्या शर्टातल्या एका माणसाच्या बोलण्याची. तेच सांगून राहिली.

आता आमची लाँड्री जरीपटक्याच्या मागच्या गल्लीत आहे. दोन मोठ्या मशीन, इस्त्रीचे टेबल, अंगणात तारा. पोरगा कळमेश्वरच्या एमआयडीसीत कामाले जाते, दुकान मी अन् सून पाहतो. सून बी.कॉम. आहे, डोक्यानं तेज. हाताखाली सात बाया. गिऱ्हाईक मोठे तीन: नर्सिंग होम, पोरीयचं एक होस्टेल अन् स्टेशनाकडचा एक लॉज. त्यातलं नर्सिंग होम गेलं त सातातल्या चौघी घरी बसतील, हे आमच्या घरात साऱ्यायले माहीत होतं. म्हणून तिथल्या नवीन मोठ्या सिस्टरनं बोलावलं त मी चप्पल नीट घालायचीही थांबली नाही.

सिस्टर म्हणे, "मावशी, हे कोपऱ्यातले काळे ठिपके बंद करा. पेशंटचे नातेवाईक विचारतात, डाग आहे का म्हणून."

"डाग नाही सिस्टर, ती तुमची खूण आहे. पंचवीस वर्षांत तुमची एक चादर दुसरीकडं गेली नाही ती याच्यानं."

"ते मला मान्य आहे. पण दुसरं काही बघा."

सुनेनं पायलं. मोबाइलवर शोधून पुण्याच्या एका कंपनीचा माणूस बोलावला. तो आला, तिशीतला, शर्ट असा कडक का मी पहिले कॉलरच पायली. संत्रा बर्फीचा डबा घेऊन आला होता. टेबलावर कम्पुटरचा डबा ठेवला, लाल उजेडाची बंदूक ठेवली अन् इस्त्रीनं चिकटवायच्या लेबलांचं भेंडोळं ठेवलं. लेबलावर काड्या काड्या. बंदूक दाखवली का कम्पुटर सांगे, ही चादर कोणाची, किती वेळा धुतली, कधी आली. मले आवडलं, खोटं काहून बोलू?

तो म्हणे, "आजी, हा नुसता प्रोग्राम नाही, प्लॅटफॉर्म आहे. तुमचा सगळा धंदा ह्याच्यावर उभा राहील."

"माहा धंदा याच्यावर उभा राहीन. अन् तुमी कुठं उभे राहाल?"

तो हसला. "आम्ही पाठीशी ना! आमची कमिटमेंट लाँग टर्म असते. पंधरा वर्षं तर आम्ही हलतच नाही. तुमच्या नातवाच्या लग्नातसुद्धा आम्हीच कपडे मोजू."

"नातू अजून झाला नाही."

"बघा, म्हणजे किती वेळ आहे आपल्याकडे!"

सून लाजली. मी विचारलं, "तुमाले या कंपनीत किती दिवस झाले?"

"झालं की, दीड वर्ष."

दीड वर्षाचा माणूस मले पंधरा वर्षांची जबान देऊन राहिला होता. हे मले त्याच घडीले समजलं. अन् समजूनही मी चूप राहिली, कारण सिस्टरचं तोंड डोळ्यापुढं होतं, सुनेची हौस होती, अन् मी त्याची बर्फी खाल्ली होती. दुसऱ्याचं खाऊन लगेच त्याले खोटा म्हणायचं, हे आमाले शिकवलं नाही. आता वाटते, तोंडातली थुकून म्हणायले पायजे होतं.

मी एवढंच म्हटलं का लेबल लावू, पण आतल्या शिवणीत बारीक खूणही ठेवू. तो म्हणे, "डबल काम कशाला आजी? बंदूक असताना तलवार कोण बाळगतं?" साऱ्या बाया हसल्या. सूनही म्हणे, "आई, तुमच्या हाताची सालं निघतात, आता तरी सोडा." ती मायेनं बोलली. मी बिब्याचा डबा वर फळीवर ठेवून देला.

अन् मंग आमी ते केलं जे माह्या सासूनं सपनातही केलं नसतं. पहिले एका गिऱ्हाईकाचे कपडे धुवून, वाळवून, घड्या घालून बांधल्याशिवाय दुसऱ्याचं गाठोडं सोडत नोतो. आता बंदूक निवडून देते म्हटल्यावर तिघांच्याही चादरी एका मशीनीत टाकायले लागलो. पाणी वाचे, वेळ वाचे. त्यातच जुन्या चादरी फाटल्या, तिघांनीही नवीन घेतल्या, अन् तिघांनीही गांधीबागेतल्या एकाच थोकवाल्याकडून घेतल्या, कारण स्वस्त तिथंच. एकच कापड, एकच पांढरा रंग, एकच मापाची. नुसत्या नजरेनं वेगळी करायची कोणाची ताकद नाही. नवीन चादरीयवर माही खूण नोतीच. नुसत्या काड्या.

दुसऱ्या वर्षी त्या माणसानं फोनवरून सुनेले सांगतलं का कोणती चादर कोणाची ही यादी तुमच्याच कम्पुटरच्या डब्यात काहून ठेवता, डबा जळला त? आमच्याकडं पाठवा, सुरक्षित राहीन. तिनं पाठवली. म्हणजे कपडे आमचे, गिऱ्हाईक आमचं, अन् कोणाचं काय हे माहीत असायची जागा त्यायच्या घरी.

चार वर्षं बरं चाललं. हे मी लपवत नाही. सिस्टर खूश होती, बाया पाच वाजता घरी जात. मंग एक दिवस कम्पुटरवर खालती पिवळी पट्टी यायले लागली. इंग्रजीत. सून म्हणे, जाहिरात आहे, अन् फुली दाबून काढून टाके. दोन महिने ती रोज सकाळी फुली दाबत होती.

एका सोमवारी सकाळी कम्पुटर उघडलाच नाही. उघडला, पण आत काही नाही, नुसतं एक पान अन् त्याच्यावर कंपनीचं नवीन नाव. बंदूक मारली त लाल उजेड पडे अन् स्क्रीनवर काहीच येत नोतं. अंगणात तारांवर, टेबलावर, टोपल्यात मिळून चारशेच्या वर चादरी, तिन्ही घरायच्या, एकात एक.

सुनेनं फोन लावला. फोन म्हणे, एक दाबा, दोन दाबा. पाऊण तासानं एक पोरगी बोलली. सुनेनं मलेही ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"मॅडम, तो जुना प्लॅटफॉर्म बंद झाला. कंपनी दुसऱ्यांनी घेतली. तीन महिने आधी मेल पाठवला होता."

"आमाले काही आला नाही."

तिनं मेलचा पत्ता वाचून दाखवला. तो पत्ता त्या बर्फीवाल्यानंच पहिल्या दिवशी आमच्यासाठी बनवला होता अन् त्याची किल्ली, पासवर्ड का काय ते, त्याच्याचपाशी. आमी तो कधी उघडून पायला नाही. आमाले माहीतच नोतं का तो आहे.

सून म्हणे, "बरं, आमची यादी त द्या."

"ती डाउनलोड करायची मुदत संपली मॅडम. नवीन प्लॅटफॉर्म घेतला तर बघता येईल, पण जुनी लेबलं त्यात चालत नाहीत. सगळ्यांना नवीन लावावी लागतील."

मी फोनजवळ तोंड नेलं. "पोरी, पंधरा वर्षं म्हटलं होतं त्यायनं."

"कोण म्हणालं आजी?"

"तुमचा माणूस."

"ते आता इथे नाहीत."

असं सांगतलं जसं एखांदा पाहुणा उठून गेला. तिचा काही दोष नाही, ती पगारावर बसली होती. पण मले किळस आली, त्या माणसाच्या जबानीची. अंगणात जाऊन मी चूळ भरली. मेलेल्या माणसाची चादर धुताना असं झालं नाही.

सुनेच्या डोळ्यात पाणी. म्हणे, "आई, माह्यामुळं झालं."

"फुली तू दाबली, बिबा मी फळीवर ठेवला. आता रडत बसली त चादरी आपोआप वेगळ्या होत नाहीत. उठ."

सातही बाया बोलावल्या. अंगणात तीन सतरंज्या टाकल्या. सिस्टरले फोन करून खरं सांगतलं. ती गरम झाली. म्हणे, "मावशी, हॉस्टेल, लॉजची एक जरी चादर माझ्या पेशंटखाली आली तर उद्यापासून तुमचं काम बंद. आणि माझी त्या मुलींकडे गेली तर त्याहून वाईट." तिचं बरोबर होतं. मलेही तीच भीती होती.

मंग आमी दोन दिवस हातानं निवडल्या. धुतलेल्या चादरीवरही माणूस राहते, पाहायची नजर पायजे. नर्सिंग होमाच्या चादरीले लोखंडी खाटेच्या पायथ्याचा गंज लागते, बारीक, चारही कोपऱ्याले नाही, एका बाजूनं. आयोडिनची पिवळी सावली राहते. पोरीयच्या चादरीवर शाई, मेंदी, नखाच्या रंगाचा एखांदा ठिपका. लॉजच्या चादरीवर उशीच्या जागी डोक्याचं तेल, अन् बिडीचं भोक. एक म्हातारी बाई माह्यासोबत पहिले पाण्यावर होती, तीच खरी पारखी. ती चादर नुसती गालाले लावे अन् म्हणे, "लॉज." दुसऱ्या बाया म्हणत, "काहून वं, लॉजमध्ये जाऊन आली का तू?" ती म्हणे, "माह्या नवऱ्याच्या डोक्याले असंच तेल राहे, मेला तवा सुटली." हसत हसत निवडल्या. हसल्या नसत्या त ते काम झालंच नसतं.

शेवटी एकेचाळीस चादरी उरल्या. नव्या कोऱ्या, एकदोनदाच धुतलेल्या, एकही डाग नाही. गालाले लावा का नाकाले, काही सांगत नाहीत. सून म्हणे, "आई, यातल्या पंधरावीस नर्सिंग होमात दिल्या त कोणाले समजते?"

"तुले समजते. मले समजते."

त्या एकेचाळीस मी कोणालेच देल्या नाहीत. तिन्ही ठिकाणी जाऊन सांगतलं का एवढ्या कमी आहेत, भरून देईन. होस्टेलवाल्यायनं अन् लॉजवाल्यायनं मान्य केलं. सिस्टर म्हणे, "तुम्ही खरं सांगितलंत म्हणून ऐकते. पण पंधरा दिवसांत मला पक्की व्यवस्था दाखवा. नाहीतर डॉक्टर दुसऱ्याला देतील, त्यांचं बोलणं चालू आहे."

त्या पंधरा दिवसांत सुनेनं आणखी एक कंपनी बोलावली. तिचा माणूस आला, अन् मी दारातच ओळखला. तोच. जरासा जाडा झालेला, शर्टावर दुसऱ्या कंपनीचं चित्र. हातात संत्रा बर्फी. त्यानं मले ओळखलं नाही. सुनेलेही नाही. आमच्या टेबलावर त्यानंच ठेवलेला कम्पुटरचा डबा होता, तोही त्यानं ओळखला नाही. बसला अन् सुरू झाला.

"आजी, ह्या धंद्यात लोक येतात, जातात. आमचं तसं नाही. आमची लाँग टर्म कमिटमेंट आहे. वीस वर्षांचा रोडमॅप तयार आहे आमचा."

पंधराचे वीस झाले होते. सून उठून आत जायले निघाली, मी हातानं तिले बसवलं.

"भाऊ, तुमी इथं पहिले आले होते."

तो माह्याकडं पाहत राहिला. मंग भिंतीकडं, मंग डब्याकडं. "अरे हो! आजी! ती कंपनी ना... त्यांचं मॅनेजमेंट चांगलं नव्हतं. मी म्हणूनच सोडली."

"कधी सोडली?"

"तुमचं बसवलं, त्यानंतर... दोनेक वर्षांनी."

"सोडताना एक फोन करायचा होता."

"आता ते प्रोफेशनली असं करता येत नाही आजी."

मी म्हटलं, "बरं. मंग आता एक काम करा. कागदावर लिहून द्या. तुमची कंपनी बंद झाली का विकली गेली, त माही यादी पहिले माह्या हातात देईन, छापून देईन, अन् लावलेलं लेबल फुकट जाऊ देणार नाही. एवढंच लिहा, खालती सही करा. वीस वर्षं मले नको."

तो हसला, तेच हसणं. "असं लिहून देता येत नाही आजी. लीगलवाले देत नाहीत."

"लिहून देता येत नाही, मंग बोलून काहून देता?"

त्यानं चष्मा पुसला. बर्फीचा डबा माह्याकडं सरकवला, "घ्या ना, तोंड गोड करा." मी तो डबा झाकण लावून त्याच्या पिशवीत ठेवला. त्याले हाकललं नाही, शिवी देली नाही. पाणी विचारलं. पण तो उठून गेल्यावर ती खुर्ची मी सोड्याच्या पाण्यानं पुसली. सून म्हणे, "आई, सारेच असे नसतात." नसतीन. मी सारे पायले नाहीत. हा दोनदा पायला.

मंग मी फळीवरून बिब्याचा डबा काढला. बिबे वाळून गेले होते, नवीन आणले. नर्सिंग होमाची एक चादर घेऊन कडेची शिवण एक बोट उसवली, आतून तिळाएवढा ठिपका देला, चुना लावला, शिवण परत घातली. वरून काहीच दिसत नाही. सुनेनं एका वहीत साऱ्या खुणा काढल्या अन् त्याच वहीचा मोबाइलवर फोटोही ठेवला. तिन्ही घरायचे कपडे परत वेगळे धुवायले लागलो. पाणी जास्त लागते, बायायले घरी जायले सहा वाजतात. लागू दे.

पंधराव्या दिवशी ती चादर सिस्टरपुढं ठेवली. तिनं उलटीसुलटी केली, उजेडात धरली. "खूण कुठे आहे?" मी शिवण उघडून दाखवली. तिनं शिवण बोटानं परत दाबून बसवली. मंग म्हणे, "मावशी, मला चालेल. वॉर्डाचं सगळं तुमच्याकडेच ठेवते. पण ऑपरेशन थिएटरचं डॉक्टरांनी परवाच दुसऱ्या लाँड्रीला लावून टाकलं. त्यांच्याकडे कम्पुटर आहे म्हणे." तिनं मान खाली घातली. मी म्हटलं, "ठीक आहे सिस्टर." त्या लाँड्रीत कोणत्या कंपनीचा कम्पुटर आहे, ते मी विचारलं नाही.

थिएटरचं काम म्हणजे दोन बायांचं काम. कोणत्या दोघीयले कमी करायचं, ते मलेच ठरवायचं होतं. एक नवीन होती, तिले दुसरीकडं भेटीन. दुसरी ती म्हातारी, गालाले चादर लावणारी. तिच्यानं आता टोपलं उचलत नाही. मी दोघीयच्याही घरी स्वतः गेली. म्हातारीच्या घरी गेली तवा ती भाकर करून राहिली होती. मी दारातच सांगतलं. लांबण लावलं नाही.

तिनं तव्यावरून नजर काढली नाही. "तो कडक कॉलरवाला कुठं आहे आता?"

"दुसऱ्या कंपनीत."

"त्याची कंपनी बुडाली त त्याले दुसरी भेटली. माही कंपनी तूच होती. आता मले कोणती भेटते, सांग."

माह्या तोंडात आलं होतं, थोडे दिवस थांब, काम वाढलं का तुलेच पहिले बोलावते. अगदी ओठापर्यंत आलं होतं. काम वाढीन का नाही, मले काय माहीत? मी ते गिळलं.

"मले माहीत नाही वं," म्हटलं. "बोलावीन असं मी म्हणत नाही."

"बरं झालं म्हणत नाहीस," ती म्हणे, अन् तिनं भाकर उलटवली.